गिअर कंचा व्हता

दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या लिलावात घेतलेल्या यमाजीच्या पेट्रोल ट्रकात मी डिझेल इंजिन बसवत होतो. मूळचा गिअरबॉक्स डिझेलचा झटका सोसणारा नव्हता. सोसेल असा, चारी चाकांना जोर पोचवणाऱ्या ट्रान्सफर-पेटीसकट, अख्ख्या जुन्नरात एकच होता: घाटात कोसळलेल्या त्याच्याच जुन्या गाडीचा. तिच्यात त्याचा थोरला पोरगा जानकू गेला.

“तोच बसवा, मेहबूबभाई,” यमाजी म्हणाला. “पण जानकू कंच्या गिअरात व्हता, ते बघून सांगा.”

मी झाकण खोललं. गिअर न्यूट्रलमध्ये होता. उतारावर न्यूट्रल कर, डिझेल वाचतं, हे खूळ यमाजीनंच पोराच्या डोक्यात भरलेलं. न्यूट्रलात इंजिन गाडीला धरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, म्हणून मी तेव्हाच भांडलो होतो. आता म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघवेना.

“दुसऱ्या गिअरात,” मी म्हणालो.

“म्हंजी माझं ऐकलंच न्हाई त्यानं,” यमाजी म्हणाला. “ही गाडी धाकटा चालवणार. त्यो ऐकतो.”