आईनं भरलेली घागर

दारामागचा खुळखुळ्याचा आवाज बंद झाला आणि सिंधूनं ओळखलं. हातातली डाळीची वाटी तशीच ओट्यावर ठेवून ती धावली. तिची लेक विशाखा भिंतीकडे तोंड करून, मुठी आवळून उभी होती. उशीर झाला होता.

"सांगायचं असतं ना गं बाई."

रागवावं इतकं बळ आवाजात नव्हतं. पोरगी रडली नाही. मागच्या दाराकडे बघत राहिली.

होळीपर्यंत तिला शी सांगायची सवय लागलेली होती. सिंधू लोह्याला शाळेत शिकवायची आणि पोरगी लातूरला आजीजवळ, सिंधूच्या आईजवळ असायची. चतुराबाई तिला रोज सकाळी मागच्या अंगणात दोन्ही पायांवर बसवायच्या आणि काहीतरी म्हणायच्या. काय म्हणायच्या, ते सिंधूला ठाऊक नव्हतं. ती फक्त रविवारी यायची. आता आई जाऊन महिना होत आला होता. शाळेला सुट्टी लागली होती आणि सिंधू लातूरलाच होती. ती रोज पोरीला तसंच पायांवर बसवून शीऽ शीऽ करायची. विशाखा मान वळवून तिच्या तोंडाकडे बघायची, जरा वाट बघायची आणि उठून जायची.

बादलीत दोन तांबे पाणी उरलं होतं. ते डाळीसाठी राखलेलं होतं.

नळाचं पाणी आठवड्याला यायचं, तेही या खेपेला आलं नव्हतं. लातूरचा जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांपाठोपाठ माणसं आली. पाणी होतं तेवढंच राहिलं. घरात काय शिजायचं ते आता भुकेवर नव्हतं. पिठलं बंद, कारण ते कढईला धरतं आणि कढई पाणी मागते. पालेभाजी धुवावी लागते म्हणून तीही बंद. जेवण पत्रावळीवर. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. त्यातून पोरीनं सकाळी कपडे भरवले की संध्याकाळचं वरण गेलं.

पण आज सकाळी कचेरीला जायला सायकल बाहेर काढताना तिचे वडील अण्णाराव उंबऱ्याशी थबकले होते.

"दुपारला वरण-भात होईल का गं?"

महिन्याभरात त्यांनी पहिल्यांदाच काही मागितलं होतं. सिंधू लगेच हो म्हणाली होती.

तिनं विशाखाला काखेत धरून स्वयंपाकघरात आणलं. कोपऱ्यात तांब्याची घागर होती, तोंडापर्यंत भरलेली. शेवटच्या रविवारी आईनं ती भरली तेव्हा गाळायच्या फडक्याचं एक टोक सिंधूनंच धरलं होतं. तेच फडकं वर दुमडून ठेवलेलं होतं. तिचा हात झाकणापर्यंत गेला. झाकणावर आजही धूळ होती. तिनं ती पदरानं पुसली, आणि वळून बादली उचलली.

मागच्या अंगणात ती पोरीला धूत होती तेव्हा शेजारच्या दानम्मा भिंतीवरून डोकावल्या.

"टँकरची वाट बघू नकोस. त्या डायवरच्या सासऱ्याचं लगीन असंल आज."

सिंधू हसली नाही.

"तोंड का असं वाळलंय? सैपाक?"

"पाणी ह्यातच गेलं, मावशी."

"अय्यो! आन् घरात ती घागर भरलेली हाय ती? पाणी हाय का लोणचं, मुरवायला ठेवलंस?"

"ते आईनं भरलेलं हाय."

दानम्मांचं तोंड उघडलं ते तसंच राहिलं. मग त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला, "बरं बाई," म्हणाल्या आणि आत गेल्या.

एक वाजता अण्णाराव आले. सायकलवरून आलेला माणूस उन्हानं काळवंडलेला होता. पाटावर बसून त्यांनी आधी चुलीकडे पाहिलं, मग पत्रावळीवरच्या भाकरीकडे.

"पोरीनं कपडे भरवले," सिंधू म्हणाली. "पाणी तिकडं गेलं."

"असू दे."

विशाखा जाऊन त्यांच्या मांडीवर बसली. त्यांनी चटणी बाजूला सारली, भाकरीचा पापुद्रा कुस्करला आणि तिला एक घास भरवला. पोरीनं तो बराच वेळ तोंडात घोळवला. मग तिला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं आणि घास आजोबांच्या सदऱ्यावर पडला.

अण्णारावांनी तिला खाली ठेवलं. उठून ते कोपऱ्यात गेले आणि घागरीवरचं फडकं उचललं.

"अण्णा, त्याला हात लावू नका."

"पोरीला गिळंना झालंय."

"माठातलं देते मी तिला."

"माठात पेलाभर हाय. ते संपल्यावर काय देशील?"

"काहीबी देईन. हे नको." ती त्यांच्या आणि घागरीच्या मधे येऊन उभी राहिली. "एवढंच राहिलंय तिच्या हातचं."

अण्णाराव फडकं हातात धरून उभे होते. त्यांनी त्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"सिंधू, हे तिच्या हातचं न्हाई."

"मी होते की. माझ्यासमोर भरली."

"तू व्हतीस, हाव." ते खाली बघत म्हणाले. "ती गेली त्या दिवशी घरात दुसरं पाणीच नव्हतं. तिला आंघोळ घालायला बायकांनी हीच घागर नेली. रिकामी करून पालथी घातली व्हती मागं. मग दानम्मानं तिच्या घरचं आणून भरली. लोक येतील, प्यायला लागंल म्हणली."

त्या दिवशी लोह्याहून एसटीनं सिंधू पोचली तोवर आईला पांढऱ्यात गुंडाळून ओसरीवर ठेवलं होतं. मागच्या अंगणात ती चूळ भरायला गेली तेव्हा तिथली फरशी ओली होती. चप्पल भिजू नये म्हणून ती कडेकडेनं गेली होती.

"आधी का न्हाई सांगितलं?"

"तू रोज झाकण पुसून राहिली व्हतीस. कसं सांगावं कळंना."

विशाखा पाटाखालचा भाकरीचा चुरा वेचत होती. सिंधू भिंतीला टेकून खाली बसली. तिनं विचारलं,

"पुरलं का?"

अण्णारावांना लगेच समजलं. त्यांनी मान हलवली, आणि मग तोंड दुसरीकडे केलं.

"अंगाला पुरलं. केस तसेच राहिले."

बाहेर कुणाची तरी सायकल गेली. सिंधू उठली. तिनं डाळीची वाटी पातेल्यात रिकामी केली, घागरीतून तांब्या भरला आणि डाळ धुतली. धुतलेलं पाणी पोरीसाठी बादलीत ओतलं. मग दुसरा तांब्या पातेल्यात घातला, चिमूटभर हळद टाकली आणि चूल पेटवली.

वरण व्हायला वेळ लागणार होता. परत कचेरीत जायची वेळ झाली होती. अण्णाराव परत येऊन पाटावर बसले.