अटेस्टेड फाइल

अपूर्वाच्या शाळेतून पत्र आलं तेव्हा रविकांतने त्यातले दोनच शब्द वाचले: 'युनिव्हर्सिटी' आणि 'निवड'. पत्र डचमध्ये होतं, पण हे दोन शब्द मराठी बापाला कुठल्याही भाषेत ओळखू येतात. त्याने तिथल्या तिथे होकार कळवून टाकला. संध्याकाळपर्यंत द हेगमधल्या तीन मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर अपूर्वाचं अभिनंदनही झालं.

उरलेलं पत्र मृदुलाने वाचलं. "अरे रवी, हे इतिहासाचं आहे."

"कसलं?"

"इतिहास, भाषा, तत्त्वज्ञान. बाहेरून आलेल्या घरांतली काळी-सावळी मुलं सगळी डॉक्टर, इंजिनिअर नाहीतर वकील व्हायला पळतात, इकडे कुणी फिरकतच नाही, म्हणून त्यांना गोडी लावायचा कार्यक्रम आहे. चार शनिवार. ऑनलाइन."

रविकांत एका बँकेचं सॉफ्टवेअर तपासायचा. चुका शोधणं हेच त्याचं पोट, आणि आता चूक त्याच्याच हातून झाली होती. पण अभिनंदनं परत करता येत नाहीत.

"सर्टिफिकेट आहे ना?" त्याने विचारलं.

"आहे."

"मग बसू दे चार शनिवार. फॉर्म मात्र एन-टीचाच भरायचा."

हा फॉर्म म्हणजे घरातला खरा बॉम्ब. माध्यमिक शाळेच्या तिसरीत, म्हणजे आपल्या नववीत, इथल्या पोरांना पुढचे विषय निवडावे लागतात. रविकांतला हवं होतं निसर्ग आणि तंत्रज्ञान, म्हणजे एन-टी. अपूर्वाला हवं होतं संस्कृती आणि समाज, ज्याला शाळेतली पोरंच मजेचं पॅकेज म्हणून हिणवतात. पालकांच्या सहीसकट फॉर्म द्यायचा होता सोमवारी, म्हणजे चौथ्या शनिवारनंतर दोनच दिवसांनी.

"बाबा, आय वॉन्ट दिस," अपूर्वा म्हणायची. मराठी तिला सगळं कळायचं, पण उत्तर देताना जीभ बऱ्याचदा दुसऱ्या रुळावर जायची.

"इतिहासात काय ठेवलंय? तारखा पाठ करायच्या नि ओकायच्या. त्यातून कधी कुणाला काही सापडलंय का?"

हे वाक्य त्याने जानेवारीत म्हटलं. फेब्रुवारीत ते त्याच्याच अंगावर येणार होतं.

कोरोनामुळे शाळा बंद, ऑफिस बंद, लायब्ररी बंद. एकाच जेवणाच्या टेबलावर एका टोकाला रविकांतची बँक, दुसऱ्या टोकाला अपूर्वाची शाळा आणि मध्ये मृदुलाचा पोह्यांचा डबा. त्यामुळे शनिवारचे वर्ग रविकांतलाही ऐकू यायचे. वर्ग घ्यायच्या प्रोफेसर योहाना. कार्यक्रम आखणारी समिती सगळीच्या सगळी गोरी होती आणि त्याबद्दल त्यांना फार अपराधी वाटायचं. म्हणून प्रोफेसर योहाना प्रत्येक मुलाचं नाव तीनदा नीट विचारून घ्यायच्या आणि चौथ्यांदा चुकवायच्या. अपूर्वाची पहिल्या शनिवारी अपरूवा झाली होती आणि तिसऱ्या शनिवारी ऑपेरा.

स्क्रीनवर चौदा चौकोन. घाना, सुरिनाम, सोमालिया, मोरोक्को, तुर्कस्तान, पुणे. आणि जवळजवळ प्रत्येक चौकोनाच्या कडेला एक मोठा खांदा, नाहीतर पदर, नाहीतर चहाचा कप धरलेला हात. रविकांतला बरं वाटलं. उत्तर सांगायला मुलाच्या बाजूला, कॅमेऱ्याबाहेर, जगातले सगळेच आईबाप बसतात तर!

चौथ्या शनिवारचा गृहपाठ होता: देश सोडताना घरच्यांनी आणलेली एखादी वस्तू घेऊन या. आपण सगळे मिळून तिला प्रश्न विचारू.

"गणपती दाखव," रविकांत म्हणाला. "पितळी. इम्प्रेशन पडतं."

"नको. मी तुझी फाइल घेतलीये."

ती फाइल! निळ्या प्लॅस्टिकची, दोरीने बांधलेली. दहावीपासूनच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाइल, सगळ्यांच्या अटेस्टेड प्रती, शिवाय मागे नाव लिहिलेले सहा पासपोर्ट फोटो. दोन हजार दहा साली रविकांतने ती विमानात मांडीवर ठेवून आणली होती, आणि बॅगेत टाकली होती बायकोची औषधं. अकरा वर्षांत ना ऑफिसने मागितली, ना नगरपालिकेने.

रविकांत खूश झाला. पंच्याण्णव टक्के असलेली गुणपत्रिका आहे त्यात. दाखव, दाखव.

शनिवारी अकरा वाजता अपूर्वाने एक प्रत कॅमेऱ्यासमोर धरली. रविकांत शेजारून कुजबुजला, "सांग, गॅझेटेड ऑफिसरचा शिक्का आहे. प्रत खरी आहे असं तो सांगतो."

अपूर्वाने सांगितलं. प्रोफेसर योहाना खुर्चीत पुढे सरकल्या. "म्हणजे कागद खरा आहे हे सांगणारा दुसरा कागद? किती सुंदर! ही आपल्यासाठी केवढी मोठी गोष्ट आहे, मुलांनो! आणि हे सांगणारे बाबा तिथेच आहेत का? या ना, समोर या!"

रविकांत केस सारखे करत समोर आला. आता त्याने इंग्रजीत आघाडी उघडली. भारतीय प्रशासन किती काटेकोर, एकेका सहीसाठी सकाळी सात वाजता रांग कशी, अधिकारी कसा मूळ प्रत डोळ्यांत तेल घालून तपासतो. बारा मिनिटं बोलला, आणि तेवढ्यात अपूर्वाने उरलेल्या प्रती एकेक करून कॅमेऱ्याला दाखवल्या. मृदुलाने स्वयंपाकघरातून दोनदा खोकून पाहिलं.

"आता प्रश्न," प्रोफेसर म्हणाल्या.

घानाच्या घरातली अबेना म्हणून एक मुलगी होती. तिने हात वर केला. "सगळ्या प्रतींवर अधिकारी एकच, एम. के. धारप. पहिली एकोणीसशे अठ्ठ्याण्णवची, शेवटची दोन हजार नऊची. ते अकरा वर्षं एकाच जागी होते?"

"व्हेरी डेडिकेटेड मॅन," रविकांत म्हणाला.

"ही पंधरा ऑगस्टची आहे," कुणीतरी शोधून बोललं. "तो तुमचा स्वातंत्र्यदिन ना? ऑफिस उघडं होतं?"

"व्हेरी, व्हेरी डेडिकेटेड."

मग अपूर्वाने सहा प्रती शेजारी शेजारी धरल्या. "प्रत्येक शिक्क्यात डाव्या कोपऱ्यात तोच तुकडा गेलेला आहे. आणि शाई तीच जांभळी. अकरा वर्षं." तिने फाइलच्या तळातला प्लॅस्टिकचा छोटा बटवा उघडला आणि आतला रबरी शिक्का कॅमेऱ्यासमोर उभा केला. डाव्या कोपऱ्यात तुकडा गेलेला.

सोमालियाच्या चौकोनातला पदर तोंडावर गेला.

सत्य साधं होतं. रांगेत तीनदा उभं राहूनही साहेब "उद्या या" म्हणाले, तेव्हा रविकांतने आणि त्याचा मित्र आशुतोषने शिक्काच बनवून घेतला होता. धारप नावाचा अधिकारी कधी जन्मालाच आला नव्हता.

"म्हणजे," प्रोफेसर योहाना प्रतीवरची जन्मतारीख पाहत हळूच म्हणाल्या, "अठराव्या वर्षी तुम्ही एक सरकारी अधिकारी निर्माण केलात. आणि अकरा वर्षं त्याला नोकरीवर ठेवलंत!" त्यांच्या आवाजात निखळ कौतुक होतं.

तेवढ्यात रविकांतला वरच्या कोपऱ्यातला लाल ठिपका दिसला. रेकॉर्डिंग चालू होतं! डच पासपोर्टचा अर्ज नोव्हेंबरातच टाकला होता. तो शिक्का हिसकावून टेबलामागच्या राउटरकडे धावला आणि वायर उपटली. कॉल तुटला खरा, पण तुटण्याआधीचं चित्र तिकडे गोठून बसलं: तोंड उघडं, डोळे बाहेर, हातात शिक्का. त्या चित्रासमोर वर्ग पुढे सहा मिनिटं चालला, असं नंतर कळलं.

दुपारी प्रोफेसरांची मेल आली. तुमची परवानगी नसेल तर रेकॉर्डिंग आजच पुसते, पण असा तास मी वीस वर्षांत घेतलेला नाही. रविकांतने 'पुसा' लिहिलं, तीनदा.

"कधी कळलं तुला?" त्याने अपूर्वाला विचारलं.

"गुरुवारी."

"मग मला आधी नाही सांगायचं?"

"बाबा, मी विचारलं होतं, धारप कोण. तू म्हणालास, असलं डोकं फिजिक्समध्ये घाल."

मृदुला पोळी लाटता लाटता हसायची थांबेना. "बावीस वर्षं दोन देशांच्या सरकारांना सापडलं नाही, रवी. चौदा पोरांनी पाऊण तासात काढलं. आणि म्हणे इतिहासात कुणाला काही सापडत नाही!"

रविकांतने शिक्का टेबलावर ठेवला. बग कसा पकडतात हे त्याला चांगलं ठाऊक होतं: तारखा जुळवायच्या, एकसारखी खूण शोधायची, कुणी बारा-बारा मिनिटं बोललं तरी भुलायचं नाही. ऑफिसातल्या नव्या पोरांना हेच शिकवताना त्याचा घसा बसायचा. इथे अपूर्वाने ते कुणी न शिकवता केलं होतं, आणि तेही गुरुवारीच.

"गणित सोडायचं नाही," तो शेवटी म्हणाला.

"नाही सोडत."

"आण तो फॉर्म."

संस्कृती आणि समाज. त्याने सही केली, मृदुलाने केली. मग सवयीने त्याच्या तोंडून गेलं, "एक झेरॉक्स काढून ठेव. अटेस्ट..."

अपूर्वाने आधीच शिक्का उचलला होता. शाई वाळून गेलेली, म्हणून तिने मृदुलाचा जांभळा मार्कर फासला आणि फॉर्मच्या खाली, सह्यांच्या शेजारी, ठपकन उमटवला. रविकांत "अगं!" म्हणेपर्यंत फोटो काढून पाठवूनही झाला होता.

सोमवारी शाळेचं उत्तर आलं. फॉर्म मिळाला, निवड नोंदवली. जाता जाता एक नम्र सूचना: दोन पालकांच्या सह्या पुरेशा आहेत, श्री. धारप यांच्या संमतीची गरज नाही.