समोर बसणारं माणूस

"हात, येह्या! हात मागे घे!"

दारातून शेजारचा सालेम ओरडला, तसा येह्या दचकला. त्याची बोटं दिव्याच्या कडेला टेकायच्या बेतात होती. ज्योत मंदावली, पुस्तकातली अक्षरं पुसट झाली आणि हात आपणहून पुढे गेला होता. दिवा जरा कलता केला असता तर तेल वातीशी आलं असतं, ज्योत वाढली असती आणि शब्बाथ, आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस, मोडला असता.

शब्बाथच्या दिवशी आग पेटवायची नाही, ही तोराची, ज्यूंच्या धर्मग्रंथाची आज्ञा. दिव्याच्या उजेडात एकट्याने वाचायचं नाही, हा रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी मागाहून घातलेला नियम. येह्याला तो कधी जाचला नव्हता. दर शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ लागून जेवणं झाली की तो त्या आठवड्याचा तोराचा भाग मोठ्याने वाचायचा आणि त्याची बायको रूमिया समोर बसायची. तिला वाचता येत नव्हतं. ती त्याच्या हातावर लक्ष ठेवायची.

ती वारल्यापासून त्याने पुस्तक उघडलं नव्हतं. "आज वाटलं, आपण जन्मभर पत्र्याचं काम केलेलं, हात आपल्या ताब्यात आहे," तो सालेमला म्हणाला.

"चांगलाच ताब्यात आहे की!" सालेम म्हणाला.

येह्याने पुस्तक मिटलं. "तिच्याबरोबर हेही गेलं म्हणायचं."

"वाचूच नको, असं कुठे म्हणालेत रब्बी? एकट्याने नको म्हणालेत. मी बसतो."

"तुला एक अक्षर येत नाही."

"वहिनीला येत होतं? अरे, भिंतीपलीकडून तुझं वाचन ऐकत मला झोप लागायची. ती गेल्यापासून बायको म्हणते, तुम्ही नुसते कूस बदलता. तिनेच हाकललंय मला."

"आणि इथे झोपलास तर?"

"मी घोरायला लागलो की तू थांब."

येह्याला हसू आलं. कितीतरी दिवसांनी. शेकडो वर्षांपूर्वीच्या त्या म्हाताऱ्या रब्बींना माणसाचा हात बरोबर ठाऊक होता. आज्ञा सांभाळायला त्यांनी पहारा बसवला, तोही माणसाचा. त्याने मनातल्या मनात त्यांचं भलं चिंतलं.

सालेम जमिनीवरच बसायला लागला, तेव्हा येह्या म्हणाला, "थांब."

त्याने कोपऱ्यातली रूमियाची गादी आणली. तिच्या बसण्याने मधोमध खळगा पडला होता. न झटकता, तशीच त्याने ती दिव्यासमोर टाकली.