तेरिओ बाकावरून उठला तेव्हा

मित्रांनो, मी फिलिपिन्समधल्या बोहोल बेटावरच्या एका कोळ्यांच्या गावातला जुना बाक आहे, आणि माझ्यावर बसणं कोणालाच आवडत नसे. त्याला कारण होतं. मी बास्केटबॉलच्या मैदानाकडेचा, राखीव खेळाडूंचा बाक. ज्याला खेळायला मिळत नाही, तो माझ्यावर बसतो.

होड्या बांधणाऱ्या एका सुतारानं मला तुगासच्या लाकडातून घडवलं. लाकूड इतकं कठीण की त्याच्या पटाश्या बोथट झाल्या. "सात जण बसले तरी कुरकुरणार नाही," असं म्हणून त्यानं मला थाप मारली. मग मला पत्र्याच्या छपराखाली, मैदानाच्या कडेला नेऊन ठेवलं. आमच्या गावाचा संघ तेव्हा एका छोट्या व्यावसायिक स्पर्धेत खेळे. खेळाडू पगारी, पण टीव्हीवर कधी न दिसणारे.

तेरिओ दुमालुआन हा त्यांतलाच एक. उंच, रुंद खांद्यांचा, शांत. हात मऊ, पण पाय जरा मंद. तरुणपणी आला, माझ्या टोकाला बसला, तो बसलाच. सामन्यात चार-पाच मिनिटं आत जायचा, रेटारेटी करून चेंडू मिळवायचा, तो दुसऱ्याला द्यायचा आणि परत यायचा. टाळ्या ज्यानं चेंडू जाळीत टाकला त्याला. माझ्या मागं, प्रेक्षकांच्या पायरीवर रिक्षावाला उंदोय ठरलेल्या जागी बसे. त्याच्या जिभेला हाड नव्हतं.

"तेरिओ, हल की जरा. बुडाला मुळं फुटतील."

"फुटली तर सावलीला येऊन बस," तेरिओ मागं न बघताच म्हणायचा.

लोक हसत. त्याची बायको मारिलू पायऱ्यांवर उकडलेल्या शेंगा विकायची, तीही हसायची. पण सामना संपून सगळे गेले की तेरिओ एकटाच मागं राहायचा, घामानं न भिजलेल्या शर्टाची घडी घालायचा आणि नुसता बसून राहायचा. त्या वेळी त्याचा भार मला जास्त वाटे.

अशी बरीच वर्षं गेली. मग एक दिवस मनिलाहून फोन आला. तिथल्या मोठ्या संघाचे दोन उंच खेळाडू एकाच आठवड्यात जायबंदी झाले होते. काही दिवसांपुरता एक उंच माणूस हवा होता. आमचे कोच बालिगोद तेरिओशेजारी येऊन बसले.

"दोंग, पोरा, मनिलाला जातोस का?"

"कोणाचं सामान पोचवायचंय?"

"तुझंच."

तेरिओ उठला आणि बूट पिशवीत भरू लागला. त्यानं तिशी ओलांडली होती. अशी हाक पुन्हा येणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

मनिलातल्या त्याच्या पहिल्या सामन्याला आमच्या मैदानातच टीव्ही आणून मांडला. सगळं गाव लोटलं. माझ्यावर लोक दाटीवाटीनं बसले आणि तेरिओच्या जागी मारिलू.

"दिसला, दिसला," उंदोय म्हणाला.

"कुठंय?"

"तो काय, दुसऱ्याला टॉवेल देतोय."

"ते गुडघे त्याचेच," मारिलू म्हणाली. "ओळखले मी."

शेवटचं एक मिनिट उरलं तेव्हा त्याचा संघ पुष्कळ पुढे होता. तिथल्या कोचनी बोट केलं आणि तेरिओ उठला. वरचा जाड शर्ट काढून तो गुण मांडणाऱ्यांच्या टेबलापाशी टेकून बसला. आता खेळ कुठंतरी थांबायला हवा होता, कारण खेळ थांबल्याशिवाय खेळाडू बदलत नाहीत. पण शिट्टी वाजली नाही. चेंडू बाहेरही गेला नाही. तो या हातातून त्या हातात फिरत राहिला आणि भोंगा वाजला. तेरिओ टेबलापाशी होता तिथंच होता.

आमच्या मैदानात कोणीतरी टीव्ही बंद केला. मग उंदोय म्हणाला, "पाठीवर नाव बाकी झकास छापलं होतं."

"हो," मारिलू म्हणाली आणि शेंगांची टोपली उचलून घरी गेली.

पुढच्या सामन्यांत तर त्याला बोलावलंच नाही. जायबंदी खेळाडू बरे झाले आणि तेरिओ बोटीनं परत आला. दुपारी मैदानात कोणी नसताना तो माझ्यावर येऊन बसला. कोच आले.

"कशी होती तिथली बैठक?"

"गादीच्या खुर्च्या, कोच. प्रत्येकाला वेगळी. शेजारच्याशी बोलायचं तर वाकावं लागतं."

"वाईट वाटतंय?"

"वाटतंय. मारिलूला काय सांगायचं, हेच बोटीत घोळवत होतो. ती म्हणाली, आधी जेवून घे."

त्या आठवड्यात आमचा सामना चुरशीचा झाला. शेवटी शेवटी कोचनी तेरिओला उठवलं. तो टेबलापाशी जाऊन टेकला, पण खेळ काही थांबेना. घड्याळ पळत होतं. आमच्या फुर्नान्दोच्या हातात चेंडू होता. त्यानं तेरिओकडे पाहिलं आणि चेंडू सरळ रेषेबाहेर फेकून दिला. शिट्टी वाजली.

"अरे, आपला चेंडू होता तो," कोच ओरडले.

"निसटला, कोच," फुर्नान्दो म्हणाला.

तेरिओ आत गेला. मागच्या पायऱ्यांवर एकेक करत सगळे उभे राहिले. त्यानं दोनदा चेंडू हिसकावला, दोनदा दुसऱ्याला दिला. आम्ही एका गुणानं हरलो. त्या रात्री उंदोयनं त्याला आणि मारिलूला रिक्षातून घरी सोडलं आणि वाटेत एकही टोमणा मारला नाही, असं मारिलू पुढं कितीदा तरी सांगायची.

तेरिओ आणखी काही वर्षं खेळला. मग गुडघ्यानं साथ सोडली. पुढं संघही बंद पडला. मैदानात प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या आणि मला मागच्या बाजूला, पन्हाळीखाली टाकलं. एका पायाला वाळवी लागली. कोंबड्या माझ्यावर रात्र काढू लागल्या. एके सकाळी, एव्हाना शाळेतल्या मुलींना खेळ शिकवू लागलेला तेरिओ आला, त्यानं कुजका पाय कापून नवा बसवला आणि मला शाळेत नेलं.

मित्रांनो, लाकडाला फार काही लागत नाही. मला उघड्यावर टाकू नका आणि चिखलाचे पाय पुसून बसा. आणि बसताना थोडं सरकून घ्या. शेजारी कोणीतरी बसायचं आहे.