भरल्या टाकीची खोटी साक्ष

मित्रांनो, मी एक जुना, काच तडकलेला पेट्रोलचा काटा आहे. गोबीच्या माळावरच्या एका रशियन जीपमध्ये, चालकाच्या डोळ्यांसमोर माझी जागा आहे. आयुष्यभर मी एकच काम केलं, खरं सांगण्याचं. आणि एकदा, फक्त एकदाच, मी खोटा ठरलो. ते आठवलं की आजही मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथून सहकारी संघाच्या जीपमध्ये आलो आणि संघ मोडल्यावर जीपसकट दाम्दिनच्या घरी. दाम्दिन संघाचा जुना चालक. आमच्या जीपला दोन टाक्या, उजवी आणि डावी, आणि दोन्हींसाठी मी एकटाच. बटण ज्या टाकीकडे वळवाल, तिची खबर मी द्यायची. दाम्दिन चारचौघांत म्हणायचा, "माझा काटा लामापेक्षा खरा बोलतो!" त्यावर त्याची बायको त्सेवेल म्हणायची, "मग पुढच्या वेळी मुहूर्त त्यालाच विचार." मला फार बरं वाटायचं हो.

पण मला पेट्रोल दिसत नाही, मित्रांनो. टाकीतला तरंगता गोळा तारेतून निरोप पाठवतो. तो निरोप पुरा व्हायला टाकीचं लोखंड गाडीच्या लोखंडाला टेकलेलं लागतं. ती वाट तुटली की माझी मान आपोआप 'भरली'कडे वळते आणि तिथेच अडकते. माझा काही इलाज चालत नाही.

त्या वसंतात नेमकं तेच झालं. नवीन वर्षाच्या भेटीगाठींत डावी टाकी रिकामी होत गेली आणि मी मात्र 'भरली, भरली' म्हणत राहिलो.

एका सकाळी त्सेवेल पोट धरून खाली बसली. उजव्या कुशीत अशी कळ, की तिला सरळ उभं राहता येईना. दवाखाना नव्वद किलोमीटरवर. दाम्दिनने तिला पांघरुणात गुंडाळून गाडीत घातलं. लांब निघण्याआधी टाकीत काठी बुडवून बघायची त्याची सवय, पण त्या दिवशी घाईत राहून गेली. त्याने फक्त माझ्याकडे पाहिलं. उजवीत थोडं, डावी भरलेली. झालं, निघाला.

उजवी संपली. त्याने डावी चालू केली. दहा-बारा किलोमीटरवर इंजिनने दोन आचके दिले आणि ते बंद पडलं. बाहेर वारा सुटला होता, खडे काचेवर ताडताड आपटत होते.

तेवढ्यात मोटरसायकलवरून ओचिर आला. हा त्या भागातला उंटवाला. रीतीप्रमाणे तपकिरीची कुपी पुढे करत त्याने विचारलं, "काय दाम्दिनदादा, पेट्रोल देऊ का? माझी टाकी भरलेली आहे."

"पेट्रोल? हे बघ!" दाम्दिनने माझ्याकडे बोट केलं. "गळ्यापर्यंत भरलंय. कचरा अडकला असेल. आत्ता काढतो."

"नक्की ना? वहिनींचा चेहरा उतरलाय."

"अरे, तीस वर्षं गाडी हाकतोय मी. तू जा, तुझे उंट बघ."

मी जिवाच्या आकांताने ओरडत होतो, नको जाऊस! पण काट्याला कुठला आवाज? ओचिर गेला. धुळीत त्याचा ठिपका दिसेनासा झाला.

दाम्दिनने पंप खोलला, पुसला, लावला. कार्बोरेटर उघडला. बोटं गारठली, एक स्क्रू वाळूत पडला, तो शोधण्यात वेळ गेला. त्सेवेल आधी कण्हत होती. मग तिने कण्हणंही थांबवलं, तेव्हा मला खरी भीती वाटली.

"म्हातारबा," ती क्षीण आवाजात म्हणाली, "टाकीवर एकदा मारून बघ."

"काटा काय म्हणतोय, दिसत नाही तुला?"

"काट्याचं राहू दे. सकाळपासून माझ्या बुडाखाली रिकाम्या हंड्यासारखं वाजतंय."

त्याने पान्ह्याने टाकीवर ठोकलं. ठण्ण! दाम्दिनने टोपण उघडून काठी बुडवली. कोरडीच वर आली.

"मग आधी का नाही बोललीस, म्हातारे?"

"वाटेत पेट्रोल संपायचं नाव काढू नये, अपशकुन होतो, असं तूच सांगतोस ना जन्मभर? म्हणून दातावर दात धरून बसले."

त्याने कपाळावर हात मारून घेतला. मग धावत मागे गेला, जुनी रबरी ट्यूब काढून जमिनीवर पेटवली. काळा धूर वाऱ्याने आडवा होत होता. ओचिरला तो दिसेल का? उंट शोधणारा माणूस मागे वळून पाहील का? कोणालाच ठाऊक नव्हतं.

नुसतं थांबणं त्याला सहन होईना. त्याने माझ्या खोटेपणाचा छडा लावायला घेतला. टाकीवरची तार सोडवून गाडीच्या लोखंडाला टेकवली, आणि मी झटकन शून्यावर उतरलो. "म्हणजे काटा चांगला आहे, तारही चांगली आहे," तो पुटपुटला. मग त्याने टाकीचे पट्टे चाचपले आणि त्याचा हात थबकला. टाकीखाली आणि पट्ट्यांखाली चहूबाजूंनी नमदा, दाबलेल्या लोकरीचा जाड थर, कोंबलेला होता. त्यानेच कोंबला होता, महिन्यापूर्वी. टाकी खडखडते, माझं डोकं उठतं, अशी त्सेवेलची तक्रार होती. तंबूचा उरलेला नमदा त्याने किती मायेने बसवला होता! त्या मायेनेच लोखंडाची लोखंडाशी गाठ तोडली होती.

त्याने रंग खरवडला आणि टाकीपासून गाडीच्या सांगाड्यापर्यंत तांब्याची तार आवळली. पहिली तारही जागेवर बसवली. मी शून्यावरच राहिलो. इतकं कडू खरं मी कधी सांगितलं नव्हतं.

आणि धुरातून फटफट ऐकू आली! ओचिर उतरला, एक शब्द न विचारता त्याने नळी तोंडात धरून आपलं पेट्रोल ओढलं. सात लिटर असेल. स्वतःसाठी थेंब ठेवला नाही.

"तू घरी कसा जाशील?" दाम्दिनने विचारलं.

"पाय काय उंटाने खाल्लेत? निघा आधी!"

मी केसभर वर उचललो गेलो. तेवढंच, पण खरं. पुढचा सगळा रस्ता दाम्दिनचा एक डोळा माझ्यावर होता. मी जसजसा उतरत गेलो, तसतसा तो पाय हलका ठेवत गेला, चढ टाळत गेला. दवाखान्याच्या फाटकातून आत शिरलो तेव्हा मी शून्यावर टेकलो होतो.

आतडं फुटलं होतं. विष पोटात पसरायला लागलं होतं. तीन दिवस दाम्दिन माझ्यासमोर गाडीत झोपला, खरं म्हणजे जागला. "ओचिर उभा होता," तो पुन्हा पुन्हा म्हणायचा. "पेट्रोल घेऊन समोर उभा होता, आणि मी त्याला हाकललं." त्याने मला एकदाही शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

चौथ्या दिवशी परिचारिका दारातून ओरडली, "दाम्दिनकाका, आत या! काकू शुद्धीवर आल्यात, आणि तुमच्या नावाने खडे फोडतायत!" तो म्हातारा लहान मुलासारखा रडत पळत गेला.

मित्रांनो, तुमच्याही घरात मुकी वस्तू असेल, मुकं जनावर असेल, कमी बोलणारं माणूस असेल. त्यांच्यावर जरूर विश्वास ठेवा, माया करा. पण अधूनमधून वाकून खाली बघा, त्यांची तार कुठे तुटली तर नाही ना? आम्हाला सांगता येत नाही. आणि आमच्या गप्प राहण्याची किंमत दुसऱ्याच कुणाला तरी मोजावी लागते.