वन्सं प्रार्थना न करता उठल्या

शिवणवालीचा उजवा हात झोपला, तो उठलाच नाही. शाळा उघडायच्या आधीचे दिवस, गणवेशांचा ढीग छताला टेकायला आलेला, आणि एका दुपारी जरा डोळा लागला म्हणून तिनं खुर्चीच्या पाठीवरून हात पलीकडे टाकला. जाग आली तेव्हा हात मनगटापासून खाली लोंबत होता, दोरीवर ओला मोजा टाकावा तसा. आधी तिला हसूच आलं. मुंग्या येतील आणि जातील म्हणून तिनं तो झटकला, चोळला, गरम पाण्यात धरला. मुंग्या काही आल्या नाहीत. संध्याकाळी कात्री हातात घेतली. ती कशीबशी मिटली, पण उघडेना. मग मात्र हसू पळालं.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, मनगटाला आधाराची पट्टी बांधली आणि सांगितलं, नस दबलीय, परत येईल बहुतेक. ते ‘बहुतेक’ शिवणवालीनं घरी आणलं आणि कुठे ठेवावं ते तिला कळेना. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिनं दुसरं काही केलेलं नव्हतं. शिवण नसेल तर सकाळी उठून आपण नेमकं कोण असणार, एवढाच तिचा प्रश्न होता, पण तो मोठ्यानं विचारायची तिला लाज वाटे. नवरा नळदुरुस्तीवाला. त्यानं मदत म्हणून एक कॉलर कापून दिली, ती असलं वळण घेऊन आली की तिच्यातून पाणी वाहिलं असतं. त्याला हाताला धरून तिनं खोलीबाहेर काढलं. डाव्या हातानं.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खिडकीशी सासूबाईंचं जुनं पायमशीन, त्यावर सासूबाईंच्या तळव्यांनी झिजून गुळगुळीत झालेली फळी. जवळच मशीनच्या तेलाची चोचीवाली डबी. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्या डबीचं झाकण काढलं की त्या अजून खोलीत येत. त्यांच्या बोटांना कायम हाच वास असायचा.

रोज संध्याकाळी पाळी सुटली की नणंद येऊ लागली. नणंद बाटल्यांच्या कारखान्यात तपासणीवर होती. दिवसभर एकेक बाटली उजेडात धरायची, काचेत बुडबुडा दिसला की बाजूला ठेवायची. अंगानं बारीक, चालणं सरळ, म्हणून सगळी गल्ली तिला मेणबत्ती म्हणे, आणि ती हाकेला ओ देई. लग्न केलं नाही. आजाऱ्यांसाठी प्रार्थना करायची हे तिचं कामावरून सुटल्यानंतरचं काम. पर्समध्ये एक बाजूला काढलेली, बुडबुडा असलेली छोटी बाटली, त्यात तेल. ते कपाळाला लावून ती प्रभूकडे मागायची.

शिवणवालीचा विश्वास घरातल्या छत्रीसारखा होता. आहे, हे पक्कं माहीत. कुठे आहे, ते पाऊस आल्यावर शोधायचं. पण नणंदेची प्रार्थना ऐकायला तिला आवडे. तिच्यात आरडाओरडा नसे, सौदा नसे. आधी ती बराच वेळ गप्प बसे. एकदा शिवणवालीनं विचारलंच होतं, तेव्हा काय करता म्हणून. नणंद म्हणाली होती, आधी स्वतःला उजेडात धरते, मग तोंड उघडते.

तिच्या प्रार्थनेनं उठून बसलेली माणसं चर्चच्या मंडळीत होती. कोपऱ्यावरच्या न्हाव्याचा ताप, पाळकबाबांच्या आईचं अडलेलं गिळणं. जी उठली नाहीत तीही होती, आणि त्यांच्याकडेही ही बाई शेवटपर्यंत जात राहिली, भांडी घासली, उशा पालटल्या, देवाच्या वतीनं एकही सबब सांगितली नाही. पाळकबाबा शुद्ध अंतःकरणावर बोलायला लागले की बाकांवरची डोकी नकळत तिच्याकडे वळत, आणि ती मागे वळून बघे, कोणाकडे बघतायत म्हणून.

डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या हाताच्या व्यायामाला तिची काही हरकत नव्हती. उलट ती समोर बसून ते करून घेई आणि टंगळमंगळ केली की डोळे वटारी.

तर त्या संध्याकाळी ती आली, स्टुलावर बसली, बाटलीचं झाकण काढलं, आणि गप्प झाली. नेहमीपेक्षा फारच जास्त वेळ. मग तिनं झाकण परत लावलं.

“वहिनी, आज मला जमणार नाही.”

“दमलात का वन्सं? मग राहू दे. चहा घ्या.”

“दमले नाही. माझ्या मनात तुझ्याबद्दल घाण आहे.” तिनं हे अगदी रोजच्या आवाजात सांगितलं. “आईनं मशीन तुला दिलं ते मला अजून सलतं. मला वाटत होतं, गेलं. पण तुझा हात गेल्याचं कळलं ना, तेव्हा पहिल्यांदा मला बरं वाटलं. क्षणभरच. पण वाटलं. मी ते झाकून इतके दिवस तुझ्या कपाळाला हात लावत होते. आता नाही लावणार.”

नणंद उठली, पर्स काखेत धरली, पट्टी सैल झाली होती ती आवळून बांधून दिली आणि गेली.

मग शिवणवालीला राग आला. असा आला की नवऱ्याचं जेवण तिनं पुढ्यात आदळलं. बहिणीची ही कथा ऐकून तो बिचारा म्हणाला, मशीनवरून होतं तर मला सांगायचं, मधोमध कापून दिलं असतं. तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं पुढचा घास न चावताच गिळला. माझा हात लुळा पडला आणि हिला बरं वाटलं! आणि हिला गल्ली मेणबत्ती म्हणते!

नणंद दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्याही नाही. मंडळीतल्या इतर बायका मात्र आल्या. एकीनं फार सुंदर प्रार्थना केली, मोठमोठे शब्द, आवाजाला कंप, आणि आमेन म्हणता म्हणता खोलीतल्या पडद्याचं कापड कुठून घेतलं ते विचारलं. शिवणवालीनं सांगितलं, दुकानाचा पत्ताही दिला. पण ती गेल्यावर तिला एकदम उमगलं की आपल्याला या बाईच्या मनात काय आहे ते ठाऊक नाही. कोणाच्याच मनातलं ठाऊक नाही. जगात एकच बाई अशी आहे, जिच्या मनात आपल्याबद्दल काय आहे ते तळापर्यंत माहीत आहे. तिला ते पोटात ठेवून कपाळाला हात लावत राहता आलं असतं, कोणाच्या बापाला कळलं नसतं. हात बरा झाला असता तर वर नावही झालं असतं.

तिची नजर मशीनकडे गेली. ते सासूबाईंनी दिलं तो दिवस तिला आठवला. सगळे इथेच होते. नणंद चहाचे कप घेऊन दारात उभी होती, आणि सगळ्यांनी कप घेतले; तिच्याकडे कोणी पाहिलं नाही. शिवणवालीनंही नाही. तिचं सगळं लक्ष मशीनच्या चाकाकडे होतं. राग हळूहळू बसला. पण हाताचं काय, हा प्रश्न तसाच लोंबत राहिला, हातासारखाच.

आठवडा सरत आला तेव्हा एका संध्याकाळी दार वाजलं. नणंद. थेट कारखान्यातून, अंगावर कामाचा झगा तसाच, पर्ससुद्धा नाही.

“गेलं,” ती म्हणाली.

“काय गेलं?”

“ते. रोज मागत होते, हे काढ म्हणून, निघतच नव्हतं. आज एक बाटली उजेडात धरली, फिरवायला मनगट वर उचललं, आणि एकदम मनात आलं, वहिनीला एवढंही येत नाही. मग रडूच आलं. आजूबाजूच्यांना वाटलं, बोट कापलं. इतके दिवस मला माझंच वाईट वाटत होतं गं. आज तुझं वाटलं.”

शिवणवालीनं तिला स्टूल पुढे केलं. मग तिनं, मनात योजून ठेवलेलं होतं तसं, सांगितलं, “वन्सं, मशीन घेऊन जा तुम्ही. खरंच सांगते. मी दुसरं घेईन.”

नणंद तिच्याकडे बघत राहिली आणि तिला हसू फुटलं, डोळे अजून ओले असताना.

“मी ते घेऊन करू काय? मला बटण लावता येत नाही. बटणं तूच लावून देतेस की. मला मशीन नको होतं, वहिनी. आईनं एकदा माझ्याकडे बघून मग तुला द्यायला हवं होतं, एवढंच.”

शिवणवालीनं मग तिच्याकडे पाहिलं. नीट. बऱ्याच वर्षांचं राहिलेलं.

नणंदेनं सवयीनं पर्ससाठी काखेत हात नेला आणि तिच्या लक्षात आलं, पर्स कारखान्यात राहिली, आणि पर्समध्ये तेल. ती उठायला लागली. शिवणवालीनं डाव्या हातानं खिडकीजवळची चोचीवाली डबी उचलून तिच्यासमोर धरली. नणंदेनं झाकण काढलं. वास खोलीत पसरला. दोघींना तो कोणाचा आहे हे सांगावं लागलं नाही.

या खेपेला तेल कपाळाला नाही, मनगटाला लागलं. नणंदेनं ते दोन्ही तळव्यांत धरलं आणि म्हणाली, “प्रभू, हिचा हात हिला परत दे. मी काही झाकलेलं नाही.” इतकीच प्रार्थना. आमेन शिवणवालीनं म्हटलं.

लगेच काही झालं नाही. नणंदेनं व्यायाम करून घेतले, चहा घेतला, झग्याला तेलाचा डाग पडला म्हणून कुरकुर केली, घरी गेली. मग रोज येत राहिली, पर्समधली बाटली असूनही डबीच मागत. आणि एका सकाळी शिवणवाली कात्री नुसती बाजूला सरकवायला गेली, तर अंगठा जरासा फाकला. कात्री उघडली, फार नाही, दोरा आत जाईल एवढी. तिनं ती मिटली आणि पुन्हा उघडली. नवऱ्याला हाक मारायच्या आधी तिनं तिथेच डोकं टेकलं, मशीनच्या फळीवर.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नस जागी झाली, छान. शिवणवालीनं त्यांना तेलाचंही सांगितलं. त्यांनी मनगट हुंगून पाहिलं आणि म्हणाल्या, चालू ठेवा.

हात पुरता आला तेव्हा ती मंडळीत साक्ष द्यायला उभी राहिली. मागच्या बाकावर नणंद होती. तिनं आदल्या दिवशीच बजावलं होतं, सांगायचं तर सगळं सांग, मला चांगली करून सांगू नकोस. शिवणवालीनं हात वर केला, बोटं उघडली, सगळ्यांना दाखवली.

“माझ्यासाठी खूप जणांनी प्रार्थना केली,” ती म्हणाली. “पण एकीनं एक दिवस केली नाही. मन साफ नाही म्हणाली, आणि उठून गेली. मी त्या दिवसापासून बरी व्हायला लागले.”

पुढे बोलायचं होतं, पण तिनं हात खाली घेतला आणि ती बसली. बाकांवर कुजबुज झाली, कोण ती, कोण ती. पाळकबाबांनी चष्मा पुसला. नणंद पुढे वाकली आणि तिच्या कानाशी म्हणाली, “मशीनच्या तेलाचं सांगायचं राहिलं की.”