डाव्या टायरची कड

डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढणं हा चिमणीचा व्यवसाय. वय त्रेचाळीस, तरी घरात सगळे तिला चिमणीच म्हणत. तिची निळी गाडी मात्र नावाला शोभणारी नव्हती. दोन दारांची, जमिनीला पोट टेकवून पळणारी, आणि सुरू केली की शेजारणीच्या खिडकीचा पडदा हललाच म्हणून समजा. असल्या गाडीतून ती दवाखान्यात जायची, येताना भाजी आणायची. चालवायचीही अगदी जपून. निदान तिचा स्वतःबद्दल तसा पक्का समज होता.

तक्रार पहिल्यांदा केली नवऱ्याने. तो पियानो सुरात लावून द्यायचं काम करायचा, त्यामुळे त्याच्या कानांतून काहीच सुटत नसे.

"तुझी गाडी बेसूर झालीय," एका शनिवारी सकाळी तो म्हणाला. "डावीकडून घूंऽ घूंऽ असा आवाज येतोय. गेल्या महिन्यात नव्हता."

"तुला फ्रिजसुद्धा बेसूर वाटतो."

"तो आहेच बेसूर. पण फ्रिजमध्ये आपण बसत नाही."

ती टायरच्या दुकानात गेली. दुकानाचे मालक म्हणजे मास्तर. एके काळी शाळेत विज्ञान शिकवायचे, आणि ती सवय अजून गेली नव्हती. त्यांनी गाडी वर उचलली, पुढचं डावं चाक हाताने फिरवलं आणि खडू घेऊन टायरच्या बाहेरच्या कडेला एक लांबलचक रेघ ओढली.

"ताई, रागावणार नसाल तर विचारतो. तुम्ही शर्यतीला जाता का?"

"मी? मी पिवळा दिवा दिसला की थांबते हो!"

"मग हे बघा. मधली नक्षी शाबूत आहे, आणि ही बाहेरची कड पार गुळगुळीत. चाकांची जुळणी तपासली, ती ठीक आहे. म्हणजे कुणीतरी ही गाडी जोरात उजवीकडे वळवतंय. एकदा नाही, शेकडो वेळा. गोल गोल."

चिमणीला भर दुकानात कुणीतरी कॉपी करताना पकडल्यासारखं झालं.

मास्तरांनी चारही टायर बदलायला सांगितले. "थंडीत लावायचे वेगळे टायर तुमच्याकडे आहेत, ते चांगलेत. हे उन्हाळी नवे घ्या. यांचं रबर तापल्या रस्त्यावर मऊ पडत नाही. पण कुठले घ्यायचे ते आधी गाडी कोण चालवतं यावर ठरतं. ते घरी जाऊन विचारा. आणि तोपर्यंत गाडी हळू चालवा." त्यांनी तीन प्रकारच्या टायरांची पत्रकं तिच्या हातात ठेवली.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर तिने ती पत्रकं पसरली आणि नवऱ्याकडे रोखून पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतेस? मला पाळण्यात बसलं तरी चक्कर येते. मी कशाला गोल फिरवू?"

"मग काय भूत फिरवतंय?"

टेबलाच्या टोकाला अप्पा बसले होते. चिमणीचे वडील, पस्तीस वर्षं शहराची बस चालवून निवृत्त झालेले. एवढ्या वर्षांत गाडीला साधा ओरखडा नाही, म्हणून त्यांना मिळालेलं घड्याळ अजून त्यांच्या मनगटावर होतं. दर मंगळवारी ते चिमणीची गाडी घेऊन वाचनालयात जायचे, कारण त्या दिवशी ती चालतच दवाखान्यात जायची. अप्पांनी चमचा खाली ठेवला. त्यांचे कान लाल झाले होते.

"बाळ," ते म्हणाले, "ती कड माझी."

चिमणीने वडिलांकडे मान वळवली.

"म्हणजे?"

"म्हणजे मी झिजवली. जुन्या आगाराचं मैदान आता मोकळं असतं. मंगळवारी तिथे कुणी नसतं. आम्ही चौघं जुने बसवाले तिथे जमतो. व्यवस्थापकांची लेखी परवानगी आहे," हे त्यांनी घाईघाईने सांगून टाकलं. "खांबाभोवती फेऱ्या मारतो. वेळ लावून. कड गेलेली मला दिसली होती. दोन आठवडे एक फेरी मारली नाही. तुला कसं सांगावं तेच सुचत नव्हतं."

"आणि वाचनालय?"

"जाताना पुस्तक बदलतो ना!"

नवऱ्याला हसू आवरेना. पाण्याचा घोट नाकात गेला आणि तो खोकत उठला. चिमणीला मात्र हसू आलं नाही. राग खरं तर टायरांचा नव्हताच. सत्तरीचा बाप आपल्याला काही न सांगता गाडी घुमवत होता, आणि आपण त्याला रोज बीपीची गोळी आठवणीने देत होतो, याचा तिला राग आला होता.

"तुम्हाला काही झालं असतं तर?"

"त्या मैदानावर काय होणार? मधे एक खांब आणि तोही चाळीस पावलांवर." अप्पांनी मनगटावरचं घड्याळ फिरवलं. मग हळूच म्हणाले, "पस्तीस वर्षं माझ्या पाठीमागे माणसं उभी होती गं. हातात पिशव्या, कडेवर पोरं. प्रत्येक वळण मी असं घेतलं की उभ्या माणसाचा हातसुद्धा दांडीवरून सुटू नये. मनासारखं एकही घेतलं नाही. तुझ्या गाडीत पाठीमागे कुणी नसतं."

चिमणीने टेबलावरची पत्रकं गोळा केली आणि त्यांतलं एक अप्पांपुढे सरकवलं.

"मंगळवारी मला तिथे घेऊन चला. हळू."

अप्पांनी तिला नेलं, तेही इतकं हळू की मागून एका सायकलवाल्याने घंटी वाजवली. मैदानाच्या कडेला तिघं म्हातारे घडीच्या खुर्च्या टाकून बसले होते. त्यांतल्या जुन्या कंडक्टरच्या गळ्यात शिट्टी होती, एकाच्या हातात स्टॉपवॉच, आणि तिसरा नारिंगी शंकू रांगेत मांडत होता. चिमणीला उतरताना बघून तिघंही ताडकन उभे राहिले.

"मुलीला कळलं वाटतं," शिट्टीवाले पुटपुटले.

"कळलं," चिमणी म्हणाली. "वही दाखवा."

वही होती, आणि ती बघून तिचे डोळे विस्फारले. तारखा, फेऱ्या, सेकंद, वाऱ्याची दिशासुद्धा. अप्पा सगळ्यांत वर होते. घड्याळवाल्या काकांनी अभिमानाने सांगितलं, "तुझे वडील ब्रेक दाबतच नाहीत. वळणाआधी नुसता ॲक्सिलरेटर सोडतात, आणि गाडी आपोआप आत येते. लोणी कापावं तसं."

त्या दिवशी कुणी फेरी मारली नाही. सगळ्यांनी थर्मासमधला चहा घेतला, आणि मग गाडीत मावणारे दोघं, म्हणजे चिमणी आणि अप्पा, थेट मास्तरांच्या दुकानात गेले.

मास्तरांनी तीन टायर भिंतीला टेकवून ठेवले होते. पहिला इतका चिकट की बोट लावलं तर वाटावं सोडणारच नाही. "मैदानावर याला तोड नाही. पण पाऊस आला की याच्यावर भरवसा ठेवू नका, आणि एका उन्हाळ्यात संपेल."

दुसरा मऊ, शांत. चिमणीने नवऱ्याला फोन लावून या टायरचा आवाज कसा असेल ते मास्तरांना विचारायला लावलं. "याचा आवाज म्हणजे चादर झटकल्यासारखा," मास्तर म्हणाले. नवरा पलीकडून म्हणाला, "हाच!"

तिसरा या दोघांच्या मधला. अप्पा त्याच्यापुढे उकिडवे बसले आणि त्याच्या नक्षीतून अंगठा फिरवत राहिले.

"तुम्हाला पहिला हवा असेल ना, अप्पा?"

"नाही."

"का? मंगळवारसाठी..."

"मंगळवार एक आणि बाकीचे वार सहा. तू पावसात घरी येतेस. ओल्या रस्त्यावर कुठला लवकर थांबतो, मास्तर?"

"हाच. तिसरा. आणि याची कडही टणक आहे, तुमच्या फेऱ्या सोसेल."

"आवाज?" फोनमधून प्रश्न आला.

"थोडा येईल. पण सुरात येईल," मास्तर म्हणाले, आणि पलीकडून लगेच होकार आला.

तिसरेच बसवले. जाताना मास्तरांनी दोन नियम सांगितले. एक, खांबाभोवती उलट्या दिशेनेही फेऱ्या मारा, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या झिजतील. दोन, नव्या टायरांचा वरचा तुकतुकीत थर जाईपर्यंत, म्हणजे पहिले तीनशे किलोमीटर, गाडी जोरात वळवायची नाही.

पुढचे जवळजवळ दोन आठवडे घरात कुणाला पायी जाऊ दिलं गेलं नाही. कोपऱ्यावरून लिंबं आणायची? अप्पा गाडी काढायचे. जावयाला पियानो लावायला गावाबाहेर जायचंय? अप्पा दारात तयार. शेजारीणबाईंना दातांच्या डॉक्टरकडे सोडून झालं, घडीच्या खुर्च्यांतली एक दुरुस्तीला नेऊन झाली. प्रत्येक वेळी परतल्यावर ते कागदावर आकडा लिहीत. दोनशे चौदा. दोनशे साठ. सोमवारी रात्री जेवताना त्यांनी जाहीर केलं, "तीनशे चार," आणि दुसऱ्यांदा भाजी वाढून घेतली.

मंगळवारी चिमणीने दुपारचे रुग्ण बुधवारवर ढकलले. मैदानात शंकू मांडलेले होते. अप्पांनी पहिल्या तीन फेऱ्या मारल्या, दोन नेहमीच्या दिशेने आणि एक उलट्या. ती शेजारच्या सीटवर बसून होती. वळण आलं की गाडी झुकायची, पण अप्पांचे हात अगदी सैल असायचे, आणि चेहऱ्यावर असलं हसू की तिने ते आईच्या वाढदिवसालासुद्धा पाहिलेलं आठवेना.

मग ते उतरले आणि दार धरून उभे राहिले. "ये. तुझी पाळी."

"मी? अप्पा, मला..."

"पाठीमागे कुणी नाही. बस."

ती स्टीअरिंगमागे बसली. कंडक्टरकाकांनी शिट्टी फुंकली. पहिल्या वळणावर तिने सवयीने ब्रेक दाबला आणि अप्पा शेजारून ओरडले, "सोड! सोड!" दुसऱ्या वळणावर तिने सोडला. गाडी आपणहून आत वळली. चिमणीच्या तोंडून एक किंकाळी निघाली, आणि ती भीतीची नव्हती. तिसऱ्या वळणावर एक नारिंगी शंकू उडून घड्याळवाल्या काकांच्या पायाशी जाऊन पडला.

"चाळीस सेकंद," ते म्हणाले, "आणि एक शंकू."

"लिहून ठेवा," चिमणी खिडकीतून ओरडली, आणि थांबायच्या ऐवजी पुन्हा खांबाकडे वळली.